प्रिन्सेस स्ट्रीट ते हिंदू कॉलनी

मरीन लाइन्स स्टेशनातून पूर्वेकडे बाहेर पडलं की काळबादेवीच्या दिशेने एक रुंद, सरळ रस्ता जातो. पाटीवर त्याचं नाव शामळदास गांधी मार्ग. औषधांच्या घाऊक बाजारातले लोक त्याला अजून प्रिन्सेस स्ट्रीटच म्हणतात. हातगाड्या, टेम्पो आणि टॅक्स्या यांच्या गर्दीत आज इथे पाय ठेवायला जागा नसते. पण हा रस्ता काढताना गाड्याघोड्यांच्याही आधी विचार झाला होता तो वाऱ्याचा. पश्चिमेच्या समुद्रावरून येणारा वारा क्वीन्स रोडच्या कडेलाच अडतो, आतल्या गच्च वस्तीत शिरत नाही. त्याला आत न्यायचं तर घरांच्या रांगा पाडून पूर्व-पश्चिम वाट मोकळी करावी लागेल, असं तेव्हाच्या नियोजकांचं म्हणणं होतं. घरं पडली, रस्ता झाला, आणि १९०५ च्या अखेरीस मुंबईला आलेल्या प्रिन्सेस ऑफ वेल्सवरून, म्हणजे पुढच्या क्वीन मेरीवरून, त्याला नाव मिळालं.

हा रस्ता काढणारी संस्था होती सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. लोकांच्या तोंडी तिची तीन अक्षरं उरली ती बीआयटी चाळींच्या रूपाने. १८९८ ते १९३३ या पस्तीस वर्षांत या ट्रस्टने मुंबई बेटाचा नकाशा जेवढा बदलला तेवढा त्याआधी क्वचितच कुणी बदलला असेल. सँडहर्स्ट रोड, मोहम्मद अली रोड, ह्यूज रोड, कफ परेड, गावदेवीची वस्ती, दादरची पारशी आणि हिंदू कॉलनी, माटुंग्याचं किंग्ज सर्कल ही सगळी त्याची कामं. मुंबईचा इतिहास सांगताना आपण गिरण्यांविषयी, संपांविषयी, नाटक कंपन्यांविषयी भरभरून बोलतो. रस्ते आणि घरं कुणी ठरवली, कुणाच्या पैशाने आणि कुणाला उठवून, हे मात्र बहुधा राहून जातं. मला ही गोष्ट सांगावीशी वाटते ती त्यासाठीच.

तिची सुरुवात मांडवीत होते. सप्टेंबर १८९६. बंदराला लागून असलेला हा धान्याच्या गोदामांचा भाग. खाली पोत्यांच्या थप्प्या आणि वर माणसांची बिऱ्हाडं, अशी घरं. तिथे दवाखाना चालवणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्यातल्या हडफडे गावचे. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि महापालिकेच्या स्थायी समितीचे सदस्य. मांडवीत तापाने माणसं पटापट मरत होती, जांघेत आणि काखेत गाठी येत होत्या. हा साधा ताप नाही, हा गाठीचा प्लेग आहे, असं व्हिएगस यांनी २३ सप्टेंबरला समितीपुढे स्पष्ट सांगितलं. बंदराच्या शहरात प्लेगचं नाव घेणं म्हणजे परदेशी व्यापाराच्या मुळावर येणं, आणि म्हणून अनेकांना ते ऐकायचं नव्हतं. पुढे हेच व्हिएगस महापालिकेचे अध्यक्ष झाले. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा उभा आहे.

पुढच्या सहा महिन्यांत जवळजवळ निम्मं शहर गाव गाठायला निघालं. रेल्वे, पडाव, बैलगाड्या, जे मिळेल त्याने. गिरण्यांना कामगार मिळेनात. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. दहा वर्षांनी ती ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची माणसं कमी होण्याचा हा प्रकार मुंबईने त्याआधी फार क्वचित पाहिला होता.

म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हाती घेतलेल्या उपायांवरून आजार कशाने होतो याविषयीची तेव्हाची समजूत कळते. गटारं खाऱ्या पाण्याने धुतली गेली, कार्बोलिक ॲसिड ओतलं गेलं, भिंतींना चुना फासला गेला. अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावं म्हणून कौलं उतरवून छपरांना भोकं पाडली गेली. राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरं रंगवली जात. सक्तीने इस्पितळात नेण्याची धास्ती एवढी होती की ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. मार्च १८९७ मध्ये जनरल गटाकर यांच्या हाताखाली प्लेग कमिटी आली आणि घरझडती लष्करी शिस्तीने होऊ लागली. वर्षभरात, मार्च १८९८ मध्ये, मदनपुऱ्यात दंगल उसळली. पुण्यात रँडचं काय झालं ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. माणसाच्या घरात शिरून त्याला बाहेर काढण्याचा हा रस्ता चालणार नाही, हे सरकारला त्या दोन वर्षांत कळून चुकलं.

मग ठरलं की घरच बदलायचं. प्लेग घाणीतून, दमटपणातून, कोंडलेल्या हवेतून येतो. तर हवा खेळेल असं शहर बांधू. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या काळात १८९८ चा इम्प्रूव्हमेंट कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ट्रस्ट कामाला लागला. नवे रस्ते काढणं, दाट वस्त्या फोडणं, समुद्र हटवून जमीन मिळवणं, आणि उठवलेल्या गोरगरिबांसाठी आरोग्याला योग्य अशी घरं बांधणं, ही त्याची कामं.

इथे एक प्रश्न उभा राहतो आणि माझ्या मते या सगळ्या कथेची किल्ली त्यातच आहे. मुंबईला महापालिका होती. १८८८ च्या कायद्याने घडलेली, ७२ सदस्यांची, फिरोजशहा मेहता, दिनशा वाच्छा यांच्यासारख्या माणसांनी गाजवलेली. रस्ते, गटारं, पाणी हे तिचंच काम. मग शहर नव्याने बांधायला वेगळी संस्था कशाला?

सरकारचं उत्तर असं की महापालिकेत घरमालकांचं वजन आहे. स्वतःच्या चाळी पाडायला ते कसे तयार होतील? हे उत्तर खोटं नव्हतं. मतदानाचा हक्क करदात्यांच्या एका छोट्या वर्गालाच होता. ७२ जणांपैकी निम्मे वॉर्डांतून येत, उरलेले जस्टिस ऑफ द पीस, युनिव्हर्सिटी, चेंबर ऑफ कॉमर्स आणि सरकार यांच्याकडून. पण त्यावर सरकारने शोधलेला उपाय पाहा. चौदा विश्वस्तांच्या ट्रस्टवर महापालिकेने निवडायचे होते फक्त चार. पोर्ट ट्रस्ट, गिरणीमालकांची संघटना आणि चेंबर ऑफ कॉमर्स यांचा एकेक. बाकीचे सरकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेले. पैसा मात्र शहराचाच. सरकारच्या आणि महापालिकेच्या मोकळ्या जमिनी ट्रस्टकडे गेल्या, कर्जं उभी राहिली, आणि महापालिकेने दरवर्षी आपल्या करातून ट्रस्टला वाटा द्यायचा असं ठरलं. महापालिकेच्या सभागृहात यावरून वर्षानुवर्षं कुरबूर चालू राहिली. वाच्छा तर महापालिकेच्या वतीने ट्रस्टवर बसत आणि तिथल्या खर्चाची बारकाईने चिकित्सा करत.

त्या वादात दोन्ही बाजूंना पुष्कळ वकील होते. ज्याची खोली पडायची होती तो मात्र ना सभागृहात होता ना ट्रस्टच्या टेबलाशी. महिना दोन-तीन रुपये भाडं भरणाऱ्याला महापालिकेसाठी मत नव्हतं, आणि ट्रस्टवर तर निवडून जाण्याचा प्रश्नच नव्हता.

ट्रस्टचं काम चालायचं ते असं. आधी एखादा भाग ठरवायचा, त्याची योजना आखायची, सरकारची मंजुरी घ्यायची. मग जमीन आणि घरं सक्तीने संपादन करायची. मोबदल्यावर वाद झाला तर खास न्यायाधिकरण. भाडेकरू उठवायचे, घरं पाडायची, रस्ता आणि गटारं करायची, आणि उरलेल्या जमिनीचे भूखंड पाडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचे. त्या उत्पन्नातून कर्ज फिटावं अशी अपेक्षा. नागपाड्यापासून सुरुवात झाली, मग प्रिन्सेस स्ट्रीट, मग सँडहर्स्ट रोड. चौपाटीपासून प्रार्थना समाजावरून पूर्वेला डोंगरीच्या दिशेने जाणारा हा रस्ता, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, १९१० मध्ये खुला झाला. चौपाटीच्या बाजूने केम्प्स कॉर्नरकडे चढत जाणाऱ्या रस्त्याला ट्रस्टचे अध्यक्ष ह्यूज यांचं नाव मिळालं, कुलाब्याला समुद्र हटवून केलेल्या वस्तीला ट्रस्टवरच्या कफ साहेबांचं.

यात गोम होती ती मोबदल्याच्या हिशेबात. घराची किंमत ठरायची ती त्यातून येणाऱ्या भाड्यावरून. योजनेची कुणकुण लागली की काही मालक खोल्यांत पडद्या टाकून दोनाच्या चार करत, बिऱ्हाडं कोंबत, भाडं वाढवत. जे घर जितकं जास्त खच्चून भरलेलं, त्याचा मोबदला तितका मोठा. गर्दी मोडायला केलेला कायदा गर्दी करणाऱ्यालाच पैसे मिळवून देत होता. ट्रस्टला एकेका पट्ट्यासाठी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त मोजावे लागले आणि त्यामुळे गरिबांच्या घरांसाठी हात आखडता घ्यावा लागला.

उठवलेली माणसं कुठे गेली? मांडवीतला हमाल, नागपाड्यातला विणकर, गोदीतला मजूर हे कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावरच राहू शकत होते. ते शेजारच्या गल्लीत गेले. एका वस्तीतली दाटी मोडून ती दुसऱ्या वस्तीत भरली. सुरुवातीच्या दहा-बारा वर्षांत ट्रस्टने पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या फार कमी होत्या. पाडण्याला तारीख असते, बांधण्याला सवड; ज्याच्या डोक्यावरचं छप्पर जातं त्याला त्या मधल्या काळात काय सोसावं लागतं याची नोंद ट्रस्टच्या वार्षिक अहवालांत सापडत नाही.

मधल्या काळात प्लेगविषयीचं ज्ञानही बदललं. कराचीत काम करताना पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं होतं. परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, १९०५ नंतर प्लेग कमिशनने ते पक्कं केलं. मांडवीची धान्याची गोदामं आणि त्यांवरची बिऱ्हाडं यांचा अर्थ आता लागला. प्लेग कोंडलेल्या हवेतून येत नव्हता. म्हणजे ज्या कारणासाठी एवढी घरं पाडली ते कारणच पुरतं खरं नव्हतं. पण अंधाऱ्या, ओल्या खोलीत क्षय बळावतो, लहान मुलं दगावतात, हे डॉक्टर रोज पाहत होते. त्यामुळे हवा-उजेडाचा आग्रह सुटला नाही, आणि तो सुटला नाही हे चांगलंच झालं.

तो आग्रह सगळ्यात ठामपणे धरला जे. पी. ऑर यांनी. १९०९ च्या सुमारास ते ट्रस्टचे अध्यक्ष झाले आणि जवळजवळ दहा वर्षं राहिले. त्यांनी जुन्या मुंबईचं घर अक्षरशः मोजलं. पुढे रस्त्याला अरुंद तोंड, आत खोल गेलेला लांबच लांब गाळा. मधल्या पॅसेजच्या दोन्ही बाजूंना खोल्या, आणि त्या खोल्यांच्या खिडक्या उघडणार कुठे, तर दोन घरांमधल्या हाऊसगल्लीत. मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी जाणारी, माणूस आडवा होऊन चालेल एवढी ती फट. तळमजल्यावरच्या खोलीतून वर पाहिलं तर आभाळाची बारीक रेघ दिसणार, तीही दुपारी बारा वाजता. अशा खोलीत दिवसाही चिमणी लावावी लागे आणि तिच्या काजळीने भिंती काळ्या होत.

यावर ऑर यांनी सुचवलेला नियम शाळकरी भूमितीचा होता. खोलीच्या खिडकीच्या भिंतीच्या पायापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेषा काढा. ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त उभी असता कामा नये. कागदावर मांडून पाहिलं की याचा अर्थ कळतो. समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मधे हवी. चाळीस फूट उंचीला वीस फूट. हा नियम पाळला तर सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या माणसालाही आभाळाचा तुकडा दिसतो. मालकांनी आरडाओरडा केला, कारण मोकळ्या जागेला भाडं येत नाही. ऑर भाषणं देत फिरले, आकृत्या दाखवत राहिले. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत. भाडेकरूच्या खिशाचा विचार त्यांच्या हिशेबात फार उशिरा येतो. पण घराकडे बाहेरून, दर्शनी भागाकडून न पाहता तळमजल्याच्या आतल्या कोपऱ्यातून पाहणारा हा अधिकारी मला मोठा वाटतो.

१९०७ पासून सरकारने शहराच्या वाढीविषयी निरनिराळ्या संस्थांची मतं मागवली आणि १९०९ मध्ये धोरण जाहीर केलं. पश्चिम किनारा श्रीमंतांना, गिरण्या ईशान्येकडे, कामगार गिरण्यांजवळ, आणि मध्यमवर्ग उत्तरेला, दादर-माटुंग्याकडे. शहरात कुणी कुठे राहायचं हे इतक्या उघडपणे कागदावर लिहिलेलं वाचताना आजही दचकायला होतं. ट्रस्टनेही दिशा बदलली. जुनी वस्ती थेट पाडण्यापेक्षा उत्तरेला जमीन मोकळी करू, तिथे ऐपतवाले जातील, मग मधल्या शहरातली दाटी आपोआप सैल होईल, असा तर्क. भातखाचरं आणि ताडामाडांच्या वाड्या असलेली जमीन संपादन झाली. तिथली गावं, तिथले शेतकरी यांनाही उठावं लागलंच, आणि मोबदल्याचे दावे रखडले. भूखंड पडायला आणि घरं उभी राहायला विसाव्या शतकाचं दुसरं, तिसरं दशक उजाडलं.

पण काम झालं ते फार देखणं. आधी रस्ते, गटारं, मैदानं; मग घरं. किती मजले, भूखंडाचा किती भाग मोकळा, याच्या अटी भाडेपट्ट्यातच लिहिलेल्या. ट्रस्टमध्ये इंजिनिअर असलेल्या मंचेरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड राखून घेतले आणि त्यातून दादरची पारशी कॉलनी उभी राहिली. तिच्या मधली फाइव्ह गार्डन्स आजही दादरकरांची सकाळची फिरायला जायची जागा आहे. शेजारी हिंदू कॉलनी वसली. पुढे माटुंग्यात दक्षिणेकडून आलेली कारकून मंडळी स्थिरावली.

एवढ्या लांब राहायला जाणार कोण, हा प्रश्न रस्त्यांनी सुटला नव्हता. तो सुटला ट्रामने आणि आगगाडीने. मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ रोजी, कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी. १९०५ मध्ये महापालिकेने नव्या कंपनीशी करार केला, बेस्टचा जन्म झाला, आणि ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली. १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. जुलै १९२६ मध्ये अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली. आगगाड्याही विजेवर धावू लागल्या: १९२५ मध्ये व्हीटी ते कुर्ला, १९२८ मध्ये पश्चिमेच्या मार्गावर बोरिवलीपर्यंत. ट्राम दादरच्या पुढे किंग्ज सर्कलपर्यंत गेली तेव्हा कुठे फोर्टातल्या कारकुनाला माटुंग्याचं बिऱ्हाड परवडू लागलं. दादर टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, तरी बसचे कंडक्टर तो थांबा अजून त्याच नावाने पुकारतात. गिरणी कामगार मात्र बहुतेक पायीच जात. ट्रामचे दोन्ही वेळचे पैसे काढून ठेवणं त्यांना परवडत नव्हतं. म्हणून उत्तरेला कितीही मोकळी हवा असली तरी कामगाराला खोली हवी होती ती गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात.

त्यांच्यासाठी ट्रस्टने बांधलेल्या चाळी त्या मानाने थोड्या, पण आजच्या डोळ्यांनीही नीट पाहाव्यात अशा आहेत. आग्रीपाडा, नागपाडा, मांडवी-कोळीवाडा, चंदनवाडी, इमामवाडा, परळ. भक्कम भिंती, लांब गॅलरी, ओळीने खोल्या, मजल्यावर सामाईक नळ आणि संडास. खोली एकच, पण तिला खिडकी होती आणि त्या खिडकीसमोर मोकळी जागा होती.

परळच्या पोयबावडीतल्या बीआयटी चाळ क्रमांक एकमध्ये, दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या १९१२ मध्ये सुभेदार रामजी सकपाळ यांच्या कुटुंबाने घेतल्या. त्यांचा मुलगा भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. आंबेडकर, तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुढच्याच वर्षी वडील गेले आणि भीमराव कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला रवाना झाले. लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले ते याच चाळीत. महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा त्यांचा पत्ता हाच होता; गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेले तेही इथूनच. खाली गिरणगावातला कोलाहल, मजल्यावर पाण्यासाठी रांग, आणि आत पुस्तकांचे ढीग. अस्पृश्य म्हणून खाजगी मालकाच्या चाळीत खोली मिळणं किती कठीण होतं हे लक्षात घेतलं तर या खोल्यांचं मोल कळतं. शहराने स्वतः बांधलेलं घर हे त्या काळी मुंबईतल्या थोड्या दारांपैकी एक होतं. ट्रस्टच्या अनेक चुका मी वर सांगितल्या. त्यांच्या शेजारी ही गोष्टही ठेवली पाहिजे.

पहिल्या महायुद्धानंतर भाडी भडकली, १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा आला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये आणखी एक खातं काढलं, डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. शहरासाठी काही करायचं तर महापालिकेला वळसा घालायचा ही जुनी खोड कायम होती. पन्नास हजार खोल्या बांधायच्या होत्या. बांधल्या गेल्या साधारण सोळा हजार, वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ बीडीडी चाळींत. सुरुवातीला त्यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या, कारण भाडं आणि बांधणी ठरवताना त्यांत राहणाऱ्यांना कुणी विचारलंच नव्हतं. याच खात्याच्या बॅक बे भरावातल्या उधळपट्टीवर खुर्शेद नरिमन यांनी महापालिकेत आणि बाहेर तोफा डागल्या, बदनामीचा खटला ओढवून घेतला आणि तो जिंकलाही.

दरम्यान महापालिका बदलत होती. १९२२ मध्ये मतदानाचा हक्क महिना दहा रुपये भाडं भरणाऱ्या भाडेकरूपर्यंत पोचला. सदस्य १०६ झाले आणि त्यांतले ७६ निवडून येऊ लागले. पुढच्याच वर्षी सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या स्त्रिया सभागृहात आल्या. घरमालकांच्या मक्तेदारीला हे पहिलं मोठं खिंडार होतं. आणि मग सरकारचा मूळ आक्षेप लटका पडला: महापालिका घरमालकांची उरली नसेल तर ट्रस्ट वेगळा कशासाठी? १९२५ च्या कायद्याने ट्रस्टचा कारभार महापालिकेच्या कक्षेत आला आणि १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत पूर्णपणे विलीन झाला. त्याचं काम महापालिकेच्या सुधार समितीकडे गेलं. ती समिती आजही आहे. भूखंड, आरक्षणं, जुन्या चाळींचा पुनर्विकास हे विषय तिच्यापुढे येतात.

निवडून आलेल्या सभागृहामुळे काय फरक पडतो याचं एक लहानसं उदाहरण दादरच्या पश्चिमेला आहे. महापालिकेने १९२५ मध्ये तिथे माहीम पार्क नावाचं मोठं मैदान लोकांसाठी खुलं केलं. १९२७ मध्ये, शिवजयंतीच्या तीनशेव्या वर्षी, अवंतिकाबाईंच्या आग्रहाने त्याचं नाव शिवाजी पार्क झालं. प्रिन्सेस, सँडहर्स्ट, ह्यूज, कफ अशा नावांच्या शहरात मराठी माणसाने सभागृहात मागून घेतलेलं हे नाव. त्या मैदानाभोवती मग वस्ती झाली, ती दुमजली-तिमजली घरांची आणि मध्ये मोकळी हवा ठेवून.

१९३० च्या दशकात डॉ. आंबेडकरांनी परळ सोडलं. हिंदू कॉलनीत, म्हणजे ट्रस्टनेच पाडलेल्या भूखंडांच्या वस्तीत, त्यांनी ‘राजगृह’ बांधलं, आपल्या ग्रंथांना जागा पुरावी म्हणून. पोयबावडी ते हिंदू कॉलनी हे अंतर पायी तासाभरात कापता येतं. पण ट्रस्टच्या आखणीत ती दोन वेगळी शहरं होती: एक मजुराला महिन्याच्या भाड्याने द्यायचं, दुसरं ऐपतवाल्याला दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने. १९०९ च्या कागदावर कामगार गिरणीजवळ आणि मध्यमवर्ग उत्तरेला असं जे लिहिलं होतं, ती रेघ ओलांडून जायला पोयबावडीच्या त्या खोल्यांतल्या माणसाला दोन परदेशी विद्यापीठं आणि बॅरिस्टरीची सनद लागली. त्याच मजल्यावरचे इतर भाडेकरू ती ओलांडू शकले नाहीत, आणि ओलांडता येत नाही म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

१९०५ च्या करारात ट्राम आणि वीज विकत घेण्याचा महापालिकेचा हक्क राखून ठेवलेला होता. बेचाळीस वर्षांनी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, बेस्ट महापालिकेच्या मालकीची झाली. आता रस्ता, जमीन, घर आणि गाडी ही चारही खाती एकाच सभागृहाखाली आली. त्या सभागृहाची पुढची निवडणूक १९४८ मध्ये झाली ती प्रौढ मतदानाने. खोलीचं भाडं दहा रुपये आहे की तीन, हे मतदारयादी करणाऱ्याला विचारायचं कारण उरलं नाही. बीआयटी आणि बीडीडी चाळींतल्या सगळ्या प्रौढ बाया-माणसांची नावं त्या यादीत पहिल्यांदा एकत्र आली.